वार कुठे टाकलीत?

मेंढरांवर आळ घेणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते. त्या पौषात, आमच्या गाई गाभडल्यावर, म्हणजे दिवस भरायच्या आत त्यांनी गर्भ टाकल्यावर, आमच्या वाडीत जो तो म्हणत होता, "मेंढरांनी आणलानी हा रोग." आणि जिच्या गोठ्यातून सगळं सुरू झालं ती मी, सगळ्यांबरोबर मान डोलावत होते.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. समुद्र दिसत नाही, पण पावसाळ्यात रात्री त्याची गाज ऐकू येते. हे एसटीत कंडक्टर, त्यामुळे गोठा, शेती आणि सासूबाई हे तीन विभाग माझ्याकडे. गोठ्यात कपिला, मोरी, तांबडी या तीन गावठी गाई आणि ढवळ्या बैल. कपिला म्हणजे दापोलीचं कृषी विद्यापीठ जिला कोकण कपिला म्हणतं त्याच जातीची. लहान चणीची, डोंगर चढणारी, काहीही खाऊन जगणारी. दूध मात्र दोन लिटर दिलं तर उपकार. घरचं भागायचं, विकायला उरायचं नाही. म्हणून श्रावणात आम्ही घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडून जर्सी संकरित गाय घेतली. अडतीस हजार मोजले. सातवा संपून आठवा महिना लागला होता, तिसरं वेत.

घेताना दात पाहिले, आचळं दाबून पाहिली, कपाळावरचा भोवरासुद्धा पाहिला. सासूबाईंनी तिला अंगणात चालवून बघितलं. उजवा कान भोकापासून कडेपर्यंत फाटलेला होता. व्यापारी म्हणाला, काट्यात अडकून फाटला. आम्ही हो म्हटलं. ती जागा सरकारी बिल्ल्याची, हे मला ठाऊक होतं. आमच्या तिन्ही गाईंच्या कानांत तो बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. आधीच्या वेतांत ती कधी गाभडली होती का, हे तर कोणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, असं म्हणण्याइतकी भोळी मी आता उरलेली नाही.

गौरी जेवल्या त्या रात्री ती व्याली. दिवस जवळजवळ भरले होते, पण पाडा अगदीच मरतुकडा. उभा राहीना, चोखेना. चौथ्या दिवशी गेला. वार, म्हणजे वासरामागून पडणारं गर्भावरचं आवरण, तीही दीड दिवस पडली नाही. बांबूचा पाला घातला, गूळ घातला, शेवटी पडली. सासूबाई म्हणाल्या, "टाक गायरीत." मी घमेल्यात घेऊन गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, टाकली आणि वर दोन पाट्या शेण ओढलं. संध्याकाळी बघते तर वाडीतल्या कुत्र्याने ती उकरून मळ्याच्या बांधापर्यंत फरफटत नेलेली. दगड मारून हाकललं त्याला. वार तिथेच पडून राहिली. गणपतीच्या गडबडीत कोण बांधावर जाणार? खरवस मात्र आम्ही सात घरी वाटला. तो वाफेवर शिजलेला होता, हे किती बरं झालं ते पुढे कळलं.

एक गोष्ट तेव्हा नकळत चांगली घडली. नव्या गाईला जागा हवी म्हणून तांबडीला चुलतदिरांच्या गोठ्यात नेऊन बांधली होती. तीही त्याच महिन्यात व्याली, पण तिथे. कपिला आणि मोरी मात्र नव्या गाईच्या दोन्ही बाजूंना, एकाच गव्हाणीवर, एकाच घमेल्यातून पाणी पिणाऱ्या. आमचा गोठा जुना. कौलं खाली उतरलेली, खिडकी नाही, पावसात भिंतींना ओल. ऊन आत येतच नाही.

दिवाळी झाली, भात झोडून झाला, आणि दरवर्षीसारखे फलटणकडचे धनगर कुंभार्ली घाट उतरून आले. त्यांची मेंढरं आम्ही शेतात बसवतो. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं एका चोंढ्यात, भाताच्या तुकड्यात, कोंडायची, त्यांच्या लेंड्यामुताने पुढच्या भाताला खत मिळतं, बदल्यात त्यांना भात द्यायचा. मृगाआधी ते घाट चढून परत जातात. आमच्याकडे येणारे तात्या वीसेक वर्षं येतायत. सासऱ्यांच्या वेळचा संबंध.

त्यांनी आमच्या मळ्यात वाघर लावून तीन आठवडे झाले असतील, तेव्हा कपिला गाभडली.

सातवा महिना होता. पहाटे गोठ्यात गेले तर पायाशी वासरू पडलेलं, अंगावर केस नुकते येऊ लागलेले. वार अर्धी बाहेर. गाय धडधाकट, रवंथ करतेय, जणू काही झालंच नाही. दुपारपर्यंत वार सुटेना तेव्हा मीच हात घातला. भात कापताना विळ्याने चिरलेलं बोट अजून पुरतं भरलेलं नव्हतं. हातमोजे? गोठ्यात हातमोजे घालून जाणारी बाई आमच्याकडे चेष्टेचा विषय होते. कोपरापर्यंत हात बरबटले होते. वार जाड, चामड्यासारखी लागली, मध्येमध्ये पिवळट चिकटा. नंतर साबणाने हात धुतले आणि भाकऱ्या थापायला बसले.

एक गाय गाभडली तर आपण म्हणतो पाय घसरला असेल, दुसरीने शिंग मारलं असेल. महिन्याभरात मोरीही गाभडली तेव्हा मात्र वाडीत कुजबुज सुरू झाली. घटसर्प आणि फऱ्या आम्हाला ठाऊक आहेत, दर पावसाळ्याआधी दवाखान्याची माणसं येऊन टोचून जातात. पण धडधाकट गाई गाभडायच्या, हे नवं. आणि नवं म्हटलं की परकं कोण ते आधी बघायचं. वाडीत परकी होती ती मेंढरं.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. तरुण आहेत, विदर्भातले, आमच्या बोलीला अजून बिचकतात. आल्याआल्या त्यांनी बूट बदलले, दोन-दोन हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं. मला वाटलं, काय हा बाऊ! मग त्यांनी एकामागून एक प्रश्न विचारले. गाय कुठून आणली? आणल्यावर किती दिवस वेगळी बांधली? रेतन करून घेता की वळू लावता? चरायला सड्यावर सगळ्या वाडीची गुरं एकत्र जातात का? वार कुठे टाकली? मी उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तरागणिक त्यांचा चेहरा लांब होत गेला.

"वहिनी, दुधाचं काय करता?"

"उकळतो. पुतण्या कधीकधी धारोष्ण पितो."

"आजपासून बंद."

त्यांनी पाचही जनावरांच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, तांबडीचंही. मोरीच्या वारेचा तुकडा बर्फाच्या डब्यात घातला. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो, म्हणाले. गुरं त्यानेही गाभडतात, आणि कोकणात लेप्टो काय नवा नाही. पण त्यांचा संशय वेगळ्या रोगावर होता, सांसर्गिक गर्भपातावर. त्यांच्या भाषेत ब्रुसेलोसिस.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तपासणी बघू द्या म्हटलं, त्यांनी बघू दिली. रक्त रात्रभर ठेवून वर आलेलं पिवळसर पाणी त्यांनी वेगळं काढलेलं होतं. पांढऱ्या काचेच्या पट्टीवर त्याचा एक थेंब, शेजारी फ्रिजमधून काढून निवू दिलेल्या गुलाबी औषधाचा एक थेंब. काडीने दोन्ही मिसळले आणि पट्टी हातात धरून हळूहळू हलवत बसले. त्या गुलाबी पाण्यात याच रोगाचे मारलेले, रंगवलेले जंतू असतात. जनावराच्या रक्तात रोगाशी लढणारं द्रव्य तयार झालेलं असेल तर ते जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतात. चार मिनिटं बघायचं. तांबडीचा थेंब सरबतासारखा एकसारखा गुलाबीच राहिला. ढवळ्याचाही. कपिलाच्या थेंबात दुसऱ्या मिनिटाला रवा पडल्यासारखं झालं. मोरीच्याही. आणि नव्या गाईच्या थेंबात काडी फिरवताक्षणीच दाणे आले, कडेला गुलाबी किनार धरली.

"ही?" मी म्हटलं. "पण ही तर गाभडली नाही."

तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. हा जंतू गाभण पिशवीत आणि सडांत घर करतो. पहिल्या खेपेला गाय गाभडते, बहुधा पाचव्या महिन्यानंतर. पुढच्या खेपांना पुष्कळदा दिवस भरून विते. लोकांना वाटतं बरी झाली. पण जंतू अंगातून जात नाही. दर विण्याच्या वेळी वारेतून, पाण्यातून, स्रावातून तो कोटींनी बाहेर पडतो आणि पुढे दुधातूनही येत राहतो. वार चाटणारी, तिथला चारा खाणारी शेजारची गाभण गाय आयती सापडते. उन्हात जंतू लवकर मरतो. ओल, अंधार आणि शेण मिळालं तर महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे आमच्यासारखा गोठा मिळाला तर.

मी बोटांवर हिशोब केला. नवी गाय गौरीच्या रात्री व्याली तेव्हा कपिला जेमतेम तिसऱ्या महिन्यात होती. मेंढरं आली दिवाळीनंतर.

पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांचा निकाल नंतर आला, तोही हाच. डॉक्टरांनी नव्या गाईचा कान उलटून पाहिला होता. बिल्ला असता तर त्या क्रमांकावरून तिला कधी काय टोचलं ते कळलं असतं. त्यालाही महत्त्व आहे, कारण मोठ्या वयात लस दिलेल्या गाईचं रक्तही या तपासणीत कधीकधी दाणे धरतं. बिल्लाच नाही तर इतिहासही नाही. कान काट्याने फाटला होता की आणखी कशाने, ते त्या गाईलाच माहीत.

इकडे वाडीत बैठक भरली होती. मेंढरं हाकला, असा सूर. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, पण थोडंसं, दबक्या आवाजात. सगळं सांगायचं म्हणजे खरवस खाल्लेल्या सात घरांसमोर उभं राहायचं. मग डॉक्टरांनीच मेंढरं तपासू म्हटलं. तात्या एका शब्दाने अडले नाहीत. बारा मेंढ्यांचं रक्त दिलं, गाभडलेल्या दोन मेंढ्या स्वतः वेगळ्या काढून पुढे केल्या. बाराही थेंब गुलाबीच राहिले. डॉक्टर म्हणाले, दोनशे मेंढरांतल्या बारांवरून सगळ्या कळपाची हमी देता येत नाही. मेंढ्या-शेळ्यांत या जंतूचा दुसरा भाऊबंद जास्त आढळतो, आणि माणसाला तोच अधिक छळतो. पण तुमच्या गोठ्यातलं मेंढरांनी आणलं असं म्हणायला मला जागा दिसत नाही.

त्या संध्याकाळी तात्या अंगणात आले. चहा घेतला. मग म्हणाले, "वैनी, गाईची वार कुठं टाकलीत?"

मी गायरी दाखवली. मग बांध दाखवला, कुत्र्याचं सांगितलं.

त्यांनी कपाळावर हात मारला नाही, काही नाही. नुसतं म्हणाले, "आन् आमी त्याच बांधाला वाघर लावली." रात्रीच्या रात्री त्यांनी मळ्यातून बिऱ्हाड हलवलं. घोड्यावर सामान चढलं, कोकरं पोत्यात बसली, कुत्री पुढे. कंदील मळ्याच्या टोकाला जाईपर्यंत मी ओट्यावर उभी होते. आम्ही त्यांना हाकलायची बैठक घेत होतो, आणि धोका आमच्या मळ्यातून त्यांच्या मेंढरांना होता.

फाल्गुनात मला ताप येऊ लागला.

दिवसा काही नाही. दिवेलागण झाली की हुडहुडी, रात्री घाम असा की पातळ पिळून काढावं, आणि पहाटे अंग गार. कंबर आणि डावा खुबा ठणकायचा. सासूबाईंना वाटलं कुळीथ उपटून कंबर धरली. एका दवाखान्यात मलेरिया तपासला, नाही निघाला. लेप्टो तपासला, नाही निघाला. टायफॉइडची तपासणी किंचित वर दिसली म्हणून दहा दिवस इंजेक्शनं टोचली. पाच किलो वजन उतरलं. तिथे मला कोणी विचारलं नाही की घरी गुरं आहेत का, आणि मलाही सांगावंसं सुचलं नाही. माणसाच्या डॉक्टरसमोर गाईचं काय सांगायचं?

सुचवलं ते गुरांच्या डॉक्टरांनी. तांबडीची दुसऱ्यांदा तपासणी करायला आले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, ताप संध्याकाळीच येतो का?" आणि कागदावर रोगाचं नाव लिहून दिलं. तो कागद घेऊन आम्ही चिपळूणला फिजिशियनकडे गेलो. रक्त तपासलं. तेच निघालं.

डॉक्टर वयस्कर होते, बोलायची हौस असलेले. या रोगाला पूर्वी माल्टा ताप म्हणत, म्हणाले. माल्टा बेटावर इंग्रज शिपाई या तापाने आजारी पडायचे. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला 1905 उजाडलं. बेटावरच्या शेळ्यांच्या दुधातून, धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या. शिपायांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप ओसरला. मला त्या शेळ्यांपेक्षा आमची रवंथ करणारी कपिला आठवत होती.

औषधं सहा आठवडे. डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा, रिफॅम्पिसिन सकाळी उपाशीपोटी. एक दिवस चुकवायचा नाही, अर्ध्यात सोडलं तर रोग उलटतो. पहिल्या दिवशी लघवी शेंदरी झाली तेव्हा मी घाबरलेच, मग कळलं ते गोळीचंच. त्या गोळीची आणखी एक भानगड म्हणजे ती क्षयाच्या रोग्यांनाही देतात. गावातल्या औषधाच्या दुकानात कोणीतरी पाकीट पाहिलं आणि चार दिवसांत अख्ख्या वाडीला माझा क्षय माहीत. हळदीकुंकवाला माझा कप वेगळा ठेवलेला होता. मेंढरांवर मी मान डोलावली होती, त्याची परतफेड म्हणायची! तिसऱ्या आठवड्यात ताप गेला. खुबा मात्र पावसाळ्यापर्यंत कुरकुरत राहिला. घरातल्या बाकी सगळ्यांचं रक्त तपासलं, पुतण्याचंही. कोणाला काही नव्हतं.

गाईंचं काय, हा प्रश्न औषधाने सुटणारा नाही. जनावराला यावर उपचार करत नाहीत. जंतू पेशींच्या आत दडतो, पुरता निघत नाही. परदेशात अशी जनावरं मारून टाकतात. आपल्याकडे गाय मारता येत नाही, आणि मला मारायचीही नव्हती. विकायची तर दुसऱ्याच्या गोठ्यात तेच पाठवायचं, जे माझ्या गोठ्यात कोणीतरी पाठवलं. जनावरांच्या सांसर्गिक रोगांवरच्या 2009 च्या कायद्यात हा रोग सरकारला कळवण्याच्या यादीत आहे, ते डॉक्टरांनी केलं. उरलं ते आमच्यावर. म्हणून तीन गाई आता घरामागे पत्र्याच्या वेगळ्या पडवीत आहेत. गव्हाण वेगळी, घमेलं वेगळं, चरायला सड्यावर नाही. रेतन करून घेत नाही. नवी गाय अडतीस हजारांची आहे आणि दिवसाला सहा किलो पेंढा खाते. हे दर पगाराच्या दिवशी तिच्याकडे एकदा बघतात आणि काही बोलत नाहीत.

जुन्या गोठ्याची कौलं काढून दोन खिडक्या पाडल्या, जमीन खरवडली, चुना मारला. गायरी उपसून त्यातही चुना मिसळला आणि ते खत दोन पावसाळे शेतात घालायचं नाही असं ठरवलं.

तांबडीची पाडी, चंद्री, तेव्हा पाच महिन्यांची झाली होती. या रोगाची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच. सप्टेंबर 2019 पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती फुकट मिळते, लाळ्या-खुरकुताबरोबर. लस जिवंत जंतूंची असते, म्हणून डॉक्टर टोचताना चष्मा घालून आले. सुई चुकून बोटात गेली तर टोचणाराच आजारी. चंद्रीला मी धरलं, हातमोजे घालून. चुलत जाऊ बांधावरून बघत होती. हसली नाही. तिच्याही दोन पाड्या तिने त्याच दिवशी टोचून घेतल्या.

तांबडी दुसऱ्या खेपेच्या तपासणीतही चांगली निघाली. पुढे ती पुन्हा व्याली, वार वेळेवर पडली. चार फूट खड्डा, खाली चुना, वार, वर चुना, वर माती, वर जांभा दगड ठेवला, कुत्र्याला हलणार नाही असा. सासूबाईंनी दोन वेळा येऊन दगड पक्का आहे ना ते पाहिलं.

दिवाळीनंतर तात्या आले. येतील असं वाटलं नव्हतं. अंगणात घोडा थांबवला, पाणी प्यायले आणि तेच विचारलं.

"वैनी, औंदा वार कुठं?"

मी त्यांना फणसामागचा दगड दाखवला. त्यांनी पायाने दगड दाबून पाहिला, तिथून मळ्याकडे पावलं मोजत गेले. शंभराच्या पुढे मोजली असतील. मग वरच्या टोकाच्या चोंढ्यात पहिली खुंटी ठोकली.